उद्याची चिंता देवाकडे सोपवायची, म्हणजे नेमकं काय करायचं?

चिंता घेऊन प्रार्थनेला बसलेला माणूस अर्ध्या तासाने उठतो, तेव्हा पुष्कळदा बसताना होता त्याहून जास्त अस्वस्थ असतो. त्याचं कारण साधं आहे. त्या अर्ध्या तासात मागणं एकच झालेलं असतं, "प्रभू, सांभाळ." उरलेला सगळा वेळ मुलाचा निकाल, घराचा हप्ता आणि आईचं ऑपरेशन मनात पुन्हा पुन्हा घोळत असतं. डोळे मिटलेले असतात एवढंच. चालू असते ती चिंतेची उजळणी. मग "आपला विश्वासच कमी पडतोय" ही आणखी एक चिंता वर चढते.

विश्वास बहुतेक वेळा पुरेसा असतो. कमी पडतो तो नेमकेपणा. खाली दिलेली पद्धत बायबलमधल्या मत्तय ६, फिलिप्पैकरांस पत्र ४ आणि काही स्तोत्रांवर उभी आहे. तिला एक वही, एक पेन आणि रोजची पंचवीस मिनिटं लागतात. उदाहरणं इंदूरच्या मराठी घरांतली घेतली आहेत, कारण चिंता हवेत नसते. तिला पत्ता असतो.

तयारी

वेळ संध्याकाळची ठेवा, दिवेलागणीनंतरची पण जेवणाआधीची. रात्री अंथरुणावर हे करू नका. झोपायच्या तोंडावर चिंता उकरून काढली की ती उशाशीच बसते. पहाटेची वेळ शास्त्रवाचनाला उत्तम, पण चिंतेच्या वहीसाठी नाही, कारण तिच्यातून निघणारी कामं दिवसाउजेडी करायची असतात आणि त्यांची यादी आदल्या संध्याकाळी तयार असलेली बरी.

वही शंभर पानी, रेघांची, साधी. पवित्र शास्त्र छापील असावं. मोबाइलवर वचन शोधायला गेलेला माणूस दोन मिनिटांत बँकेचा मेसेज किंवा कोचिंगच्या ग्रुपवरची अफवा वाचत असतो. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा.

पहिल्या दिवशी फक्त वाचायचं

मत्तय ६:१९-३४ मोठ्याने, सावकाश वाचा. सोळा वचनं आहेत, तीन-चार मिनिटं पुरतात. बहुतेक जण २५व्या वचनापासून सुरुवात करतात आणि तिथेच चुकतात. ते वचन "ह्यास्तव" असं सुरू होतं, म्हणजे त्याचं मूळ आधीच्या वचनात आहे: देवाची आणि धनाची चाकरी एकाच वेळी करता येत नाही. चिंतेवर बोलण्याआधी प्रभू येशूने मालक कोण हे विचारलंय. एखाद्या चिंतेपुढे सगळी प्रार्थना थिटी पडत असेल, तर त्या चिंतेखाली दुसरा मालक बसलाय का, हे आधी पाहावं. "मुलगा डेप्युटी कलेक्टर झाला नाही तर नातेवाइकांत काय तोंड दाखवू" या चिंतेचा मालक मुलाची भाकर नसून आपली प्रतिष्ठा असते. तिथे मागणं बदलावं लागतं.

दुसरी गोष्ट पाखरांची. ती पेरत नाहीत, कापणी करत नाहीत, कोठारात साठवत नाहीत, असं प्रभू म्हणतो. ती बसून राहतात असं मात्र म्हणत नाही. पाखरं उजाडल्यापासून दाणे टिपत असतात. हा अध्याय कामचुकारांच्या हाती लागला की त्याची फार ओढाताण होते.

आणि शेवट: "ज्या दिवसाचे दुःख त्या दिवसाला पुरे." दुःख येणारच नाही असं वचन इथे कुणालाही दिलेलं नाही. रोज थोडं येईल, ते त्या दिवसापुरतं घ्या, उद्याचं आज उचलू नका, इतकंच सांगितलंय. ऐकणारे गालीलातले लोक होते, त्यांतले कितीतरी रोजंदारीवर जगणारे. उद्याच्या भाकरीचा प्रश्न त्यांना खराखुरा होता.

चिंता एका वाक्यात, तारीख आणि आकड्यासकट

दुसऱ्या दिवसापासून वही उघडा. पानाच्या डोक्यावर तारीख घाला आणि जी चिंता सर्वांत जास्त छळते ती एकाच वाक्यात लिहा. त्या वाक्यात तीन गोष्टी हव्यात: कुणाची, केव्हाची, किती.

"पुढे सगळं कसं निभावणार?" हे वाक्य चालणार नाही. त्यावर ना प्रार्थना करता येते, ना काम.

लोकमान्यनगरातलं एक कल्पित घर धरू. वडील मार्चअखेर निवृत्त होतायत. घराचा हप्ता १८,४०० रुपये, आणि निवृत्तीनंतर २२ हप्ते उरतात. मुलगा भंवरकुआंला क्लास लावून एमपीपीएससीची, म्हणजे मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची, तयारी करतोय. आजीच्या गुडघ्याचं ऑपरेशन डॉक्टरांनी सुचवलंय. या घरातली आई रात्री दोन वाजता जागी असते आणि तिला वाटतं की आपल्याला एक प्रचंड चिंता आहे. वहीवर उतरवलं की तीन वाक्यं होतात:

"एप्रिलपासून २२ महिने दरमहा १८,४०० रुपये पेन्शनमधून निघतील का?" एकूण ४,०४,८०० रुपये.

"मुलाचा मुख्य परीक्षेचा निकाल या वर्षात लागेल का, आणि नाही लागला तर तो काय करेल?"

"सासूबाईंचं ऑपरेशन पावसाळ्याआधी करावं की नंतर, आणि घरी सहा आठवडे त्यांच्यापाशी कोण राहील?"

आकडा लिहिताना हात थरथरतो, पण लिहिल्यावर चिंता त्या आकड्याएवढीच राहते. चार लाख चार हजार आठशे रुपये ही मोठी रक्कम आहे, तरी तिला काठ आहे. न लिहिलेल्या चिंतेला काठ नसतो.

एका दिवशी तीनपेक्षा जास्त वाक्यं लिहू नका. दहा लिहिली तर दहाही अर्धवट राहतात आणि वही तिसऱ्या दिवशी बंद पडते.

तीन रकाने

प्रत्येक वाक्याखाली पान उभं तीन भागांत वाटा: लगेचचं काम, पुढच्या तारखेचं काम, हातात नाही.

हप्त्याच्या चिंतेत लगेचचं काम असं: उद्या बँकेच्या शाखेत जाऊन उरलेल्या मुद्दलाचं विवरण मागायचं. पुढच्या तारखेचं काम: ग्रॅच्युइटी हाती आली की तिच्यातून काही मुद्दल फेडायचं का, हे एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात ठरवायचं. फ्लोटिंग व्याजदराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतीआधी फेड केल्याचा दंड लागत नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसतं आणि ते त्या दंडाचीही चिंता करत बसतात. हातात नाही: व्याजदर.

मुलाच्या चिंतेत तिसरा रकाना सर्वांत भरतो. ओबीसी आरक्षणाच्या वादातून २०२२ पासून एमपीपीएससीचे निकाल जागांच्या ८७ आणि १३ टक्के असे विभागले गेले आणि १३ टक्क्यांतले निकाल राखून ठेवण्यात आले. ज्यांची मुलं त्यात अडकली त्यांनी कितीही जागरण केलं तरी न्यायालयाची तारीख अलीकडे येत नव्हती. पण त्याच पानावर पहिला रकानाही रिकामा नसतो. "दुसरा कुठला फॉर्म भरायचा, हे मुलाला रविवारी जेवताना विचारायचं, त्याआधी नाही" हेसुद्धा काम आहे, आणि त्यातला "त्याआधी नाही" हा भाग घराच्या शांतीसाठी जास्त मोलाचा.

पुढची तरतूद करणं म्हणजे अविश्वास, असं सांगणारे भेटतात. त्यांचं ऐकू नये. नीतिसूत्रे ६ मध्ये मुंगीकडे जायला सांगितलंय, ती उन्हाळ्यात अन्न साठवते म्हणून. बुरूज बांधणाऱ्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, हे खुद्द प्रभूचं उदाहरण आहे (लूक १४:२८). योसेफाने सुबत्तेच्या सात वर्षांत पाचवा हिस्सा बाजूला काढवला. निर्गम १६ मध्ये मान्ना (रानात देवाने इस्राएलांना दिलेलं अन्न) माणशी एक ओमर, म्हणजे साधारण दोन लिटर मापाचा, मिळायचा. सकाळसाठी दडवून ठेवला त्याला किडे पडले, पण सहाव्या दिवशी देवानेच दुप्पट गोळा करायला सांगितला, तो नासला नाही. अडचण साठवण्यात नव्हती. उद्या देव देणार नाही या भीतीने साठवण्यात होती.

प्रार्थना: दहा मिनिटं, चार भाग

फिलिप्पैकरांस ४:६ मध्ये पौल "कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका" म्हणून थांबत नाही. सर्व गोष्टींविषयी प्रार्थना व विनंती करून, आभारप्रदर्शनासह, आपली मागणी देवाला कळवा, असं सांगतो. यात क्रम आहे आणि तो पाळला तर प्रार्थना भरकटत नाही.

आधी दोन मिनिटं आभार. गेल्या चोवीस तासांतल्या तीन गोष्टी, नावानिशी. "आरोग्याबद्दल, कुटुंबाबद्दल" असं ठोक नको. "आज सासूबाई कुणाचाही हात न धरता ओट्यापर्यंत चालल्या" हे चालेल. "रिक्षावाल्याने सुटे पैसे नसताना पाच रुपये सोडले" हेही चालेल. आभार आधी का? काल मिळालेलं डोळ्यांपुढे असलं की उद्याचं मागणं भिकाऱ्याचं राहत नाही, लेकराचं होतं.

मग तीन मिनिटं मागणी. वहीतलं वाक्य समोर धरून तिन्ही रकाने एकामागून एक. पहिल्यासाठी धैर्य आणि अक्कल मागा, दुसऱ्यासाठी योग्य वेळ, तिसऱ्यासाठी सरळ तो निकाल मागा. "तुझी इच्छा असेल तर" हे शेवटी येऊ द्या, सुरुवातीला नको. गेथशेमानेत प्रभूने आधी "हा प्याला टळून जावो" म्हटलं, मग पित्याच्या इच्छेचं बोलला, आणि तीच प्रार्थना तीनदा केली. पहिलं वाक्य गिळून एकदम दुसऱ्यावर उडी मारणारा माणूस नम्र दिसतो, पण त्याने काही मागितलेलंच नसतं.

नंतर तीन मिनिटं गप्प. मन धावेल. धावलं की वहीवर टिंब द्या आणि परत या. एका बैठकीत पंधरा-वीस टिंबं पडली तरी बिघडत नाही.

शेवटची दोन मिनिटं प्रभूची प्रार्थना, सावकाश, "आमची रोजची भाकर आज आम्हांला दे" इथे क्षणभर थांबून. मग तिसऱ्या रकान्याखाली "सोपवलं" असं लिहून तारीख घाला.

हे सगळं मोठ्याने करा, आणि ज्या भाषेत घरात चिडचिड करता त्याच भाषेत. रविवारची उपासना हिंदीत, मुलांची शाळा इंग्रजीत, त्यामुळे प्रार्थनेची भाषा उसनी होण्याची सवय इंदुरात सहज लागते. घोटीव वाक्यं तोंडातून निघतात आणि काळीज जागच्या जागी राहतं.

फिलिप्पैकरांस ४:७ या पुढच्या वचनात मिळणार आहे ती शांती, निकाल नव्हे. म्हणून प्रार्थनेनंतर हलकं वाटलं नाही तर प्रार्थना फसली असं धरू नका. पहिले काही दिवस बहुतेकांना काहीच वाटत नाही. फरक आधी कामांत दिसतो: बँकेत जाणं टळत नाही, मुलाला टोमणा मारणं एखाद वेळ टळतं.

पौलाची स्वतःची चिंता

"ख्रिस्ती माणसाने चिंता केली म्हणजे पाप झालं" या ओझ्याखाली बरेच जण दबलेले असतात. त्यांनी फिलिप्पैकरांस पत्रच दोन अध्याय मागे जाऊन वाचावं. पौल कैदेत आहे. फिलिप्पैच्या मंडळीने मदत घेऊन पाठवलेला एपफ्रदीत आजारी पडून मरणाच्या दारात गेला आणि वाचला. पौल त्याला घाईने परत पाठवतो आणि कारण उघड सांगतो: तुम्ही त्याला पाहून आनंद करावा आणि माझं दुःख कमी व्हावं (२:२८). चिंताक्रांत होऊ नका म्हणणाऱ्या माणसाच्या मनावर भार होता, तो त्याने लपवला नाही, आणि हलका करण्यासाठी एक ठोस काम केलं: माणूस रवाना केला. सगळ्या मंडळ्यांची काळजी रोज आपल्यावर असते, हे त्यानेच करिंथकरांस दुसऱ्या पत्रात लिहिलंय.

पंडिता रमाबाईंचं कामही याच वळणाचं. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून आणि १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून निराधार मुली केडगावला आणल्या. इतक्या तोंडांना पाणी कुठून, हा प्रश्न प्रार्थनेत होताच, आणि त्याच वेळी त्यांच्या मुक्ती मिशनच्या आवारात विहिरी खणल्या जात होत्या.

रात्री दोन वाजता

संध्याकाळी सोपवलेली चिंता रात्री परत येते. येणारच. त्या वेळी नव्याने प्रार्थना मांडू नका, हिशेब तर मुळीच नको. रात्री दोन वाजता माणसाला ४,०४,८०० चे चाळीस लाख दिसतात. उशाशी कागदाचा कपटा ठेवा, त्यावर एकच शब्द लिहा, "हप्ता", आणि म्हणा, "हे संध्याकाळी बोललो आहोत." मग स्तोत्र ४ चं शेवटचं वचन, स्वस्थपणे पडून झोपी जाण्याचं, श्वासाच्या लयीत म्हणा, अर्धं श्वास घेताना आणि अर्धं सोडताना. सोडणारा श्वास जरा लांबवा. वीसेक मिनिटांत झोप नाही आली तर उठून दुसऱ्या खोलीत मंद दिव्यात बसा, पेंग आली की परत या. घड्याळ पाहू नका. आणि संध्याकाळी पाचनंतरचा चहा बंद करा. अनेकांची निम्मी आध्यात्मिक लढाई तिथेच संपते.

चिंता फार मोठी असेल तेव्हा

कर्करोगाचा रिपोर्ट, गेलेली नोकरी, तुटू घातलेलं लग्न यांपुढे तीन रकाने तोकडे पडतात. तिथे स्तोत्र १३ घ्या. सहाच वचनं आहेत. पहिल्या दोनांत "कोठवर?" असं देवाला चार वेळा विचारलंय, पुढच्या दोनांत मागणं, शेवटच्या दोनांत भरवसा. याच साच्यात स्वतःच्या सहा ओळी लिहा: दोन तक्रारीच्या, दोन मागण्याच्या, दोन भरवशाच्या. शेवटच्या दोन आज लिहवत नसतील तर जागा कोरी सोडा. स्तोत्र ८८ अंधारातच संपतं आणि तरी शास्त्रात आहे.

अशा घरी भेटायला जाणाऱ्यांनी यिर्मया २९:११ जरा जपून वापरावं. "तुमच्याविषयीचे संकल्प हिताचे आहेत" हे वचन बाबेलात नेलेल्या बंदिवानांना लिहिलेल्या पत्रातलं आहे, आणि त्याच्या आधीच्याच वचनात सत्तर वर्षांचा काळ सांगितलाय. पुढच्या महिन्यात सगळं ठीक होईल, असा त्याचा अर्थ नाही. पाचव्या वचनात मात्र घरं बांधा, मळे लावा असं सांगितलंय. वाट पाहायची आहे त्या काळात काय करायचं, याचं उत्तर तिथे आहे.

दुसरं माणूस

आठवड्यातून एकदा, शक्यतो रविवारी उपासनेनंतर, वहीचं एक पान एका माणसाला वाचून दाखवा. एकालाच. घरप्रार्थनेत सगळ्यांपुढे मांडलेली विनंती सोमवारी राजवाडा चौकापर्यंत पोहोचलेली असते, आणि मग "लोक काय म्हणतील" ही चौथी चिंता वहीत येते. माणूस निवडताना सल्ला देणारा नको, ऐकून लक्षात ठेवणारा हवा. त्याने पुढच्या रविवारी दोनच प्रश्न विचारायचे: पहिल्या रकान्यातलं काम झालं का? तिसऱ्या रकान्यातलं तू परत उचललंस का?

महिन्याअखेर मागची पानं चाळा. जे झालं त्यापुढे तारीख, जे घडलंच नाही त्यापुढे फुली, जे नको होतं तेच झालं तिथे "नाही" असं स्वच्छ लिहा. "नाही" खोडून त्यावर साक्ष रंगवू नका. फुल्या मोजल्या की कळतं, किती रात्री न आलेल्या संकटांनी खाल्ल्या.

डॉक्टरकडे केव्हा

चिंता बहुतेक दिवस टिकून राहते आणि महिनोन् महिने हटत नाही, छातीत धडधड होऊन जीव गुदमरतो, झोप आणि भूक दोन आठवड्यांहून जास्त बिघडलेली आहे, काम सुटतंय, किंवा जगणं नको वाटतंय, यांतलं काहीही असेल तर वही पुरेशी नाही. मानसोपचारतज्ज्ञाला भेटा, थायरॉइडची तपासणीही करून घ्या, कारण तिचा बिघाड चिंतेसारखाच दिसतो. इंदुरात एमवाय रुग्णालयात आणि बाणगंगेच्या मानसिक रुग्णालयात सरकारी सोय आहे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि मोफत आहे. मरणाचे विचार असतील तर संध्याकाळची वाट पाहू नका, लगेच फोन करा आणि घरातल्या कुणाला तरी जवळ बसवा.

एलीया संदेष्टा मरण मागत झुडपाखाली पडला तेव्हा देवाने त्याला उपदेश केला नाही. झोपू दिलं, भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं. बोलणं पुष्कळ नंतर झालं (१ राजे १९). गोळी घेणं म्हणजे विश्वास सोडणं नव्हे. पौलाच्या सोबतचा लूक वैद्य होता. या औषधांचा गुण यायला काही आठवडे लागतात, आणि ती एकदम बंद केली तर त्रास उलटतो. आरोग्यप्रार्थनेच्या सभेतून परतल्यावर गोळ्या फेकून देणं हा यातला सर्वांत धोक्याचा प्रकार आहे. प्रार्थना जरूर करा. गोळी डॉक्टरच्या सांगण्याने, हळूहळू कमी करा.

घरातली म्हातारी माणसं

ज्या आजी-आजोबांना लिहिणं जमत नाही त्यांच्यासाठी वही दुसऱ्याने धरायची. रोज एकच प्रश्न विचारा, "आज कशाचं वाटतंय?" आणि ते सांगतील ते त्यांच्याच शब्दांत उतरवा, सुधारू नका. "माझ्यामागे याचं कोण करेल" असं आलं तर "असं बोलू नका" म्हणून तोंड बंद करू नका. तीही तारीख घालून लिहायची चिंता आहे, आणि तिच्या पहिल्या रकान्यात बहुधा मृत्युपत्र किंवा बँकेतलं नॉमिनेशन येतं. मग स्तोत्र १२१ त्यांच्यासोबत म्हणा. आठच वचनं आहेत, पुष्कळांना पाठ असतात, आणि नसली तर मोठ्या टायपात छापून पलंगासमोरच्या भिंतीवर लावता येतात.